एकीच्या भावात तीन

बर्डीचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. फाटकाजवळ गुरं ओलांडू नयेत म्हणून खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या लोखंडी दांड्यांवर बर्फ साचलं होतं. घोडी घसरली, पाय दोन दांड्यांच्या फटीत गेला आणि हाड कातडीबाहेर आलं. व्हर्लाने पाय कसाबसा सोडवला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन ती बर्फातच बसली. पशुवैद्य घाटापलीकडे, आणि घाट कालपासून बंद. आता तिला एका गोळीत सोडवणं एवढंच उरलं होतं.

"ओरिन, सापडला का?"

"इथेच होता गं!" तिचा नवरा कुरणातून ओरडला आणि पुन्हा कुदळ मारू लागला.

घरात तीन बंदुका होत्या. लष्कराने मोडीत काढलेल्या, ग्रीस थापून ठेवलेल्या, देश कोसळेल त्या दिवसासाठी. त्यांच्यापायी त्याने व्हर्लाची हरणाच्या शिकारीची बंदूक विकली, आणि एकीच्या भावात तीन आणल्या म्हणून महिनाभर मिशीला पीळ देत हिंडला. वर चोरांच्या हाती लागल्या तरी चालू नयेत म्हणून या शहाण्याने तिन्हींचे गोळी आत सरकवणारे बोल्ट काढले आणि गोळ्यांसकट प्लास्टिकच्या पाइपात भरून कुरणात पुरले. बोल्टाशिवाय बंदूक म्हणजे नुसतं दांडकं. पाइपावर खुणेला ठेवलेला दगड आता बर्फाखाली होता.

घोडी कण्हली. मान उचलायला गेली, ते जमलं नाही.

"मी क्लीटला फोन केलाय," व्हर्ला म्हणाली.

कुदळ थांबली. "डोकं फिरलंय का तुझं? मी खणतोय ते बघेल तो! आपण कुठे काय पुरलंय ते सगळ्या खोऱ्याला कळेल!"

"कळू दे! दवंडी पिटते मी!"

"अगं, संकटाच्या वेळी आधी शेजारीच उलटतात."

"संकटाच्या वेळी? मग ही काय जत्रा भरलीय?" तिचा आवाज फाटला. "ती तडफडतेय, मेल्या! तुझ्या डोळ्यांदेखत!"

शेजारचा म्हातारा क्लीट ट्रॅक्टर घेऊन आला. घोडीकडे बघताच त्याने सीटमागची बंदूक काढली. कुरणातल्या खड्ड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

"मी करू का, पोरी?"

"नको. माझी घोडी आहे ती."

व्हर्लाने बर्डीच्या कानाशी काहीतरी पुटपुटून तिचं डोकं अलगद खाली ठेवलं. उठून क्लीटच्या हातातली बंदूक घेतली. बार झाला तेव्हा क्लीटने टोपी काढली.

"सापडला!" तेवढ्यात कुरणातून आरोळी आली.

ओरिन चिखलाने माखलेला पाइप दोन्ही हातांनी उंच धरून उभा होता. मग त्याला घोडी दिसली, आणि तिच्याशेजारी उभा क्लीट. त्याने पाइप पटकन कोटाखाली घेतला आणि बुटाने माती खड्ड्यात लोटू लागला.

"बुजवू नकोस तो," व्हर्ला म्हणाली. "मोठा कर."