पंख्यापुढची जागा

"काका, तुमच्या जुन्या पंख्यानं साठवलेला वारा या नव्या पंख्यात भरते," मेकॅनिक रेश्मा म्हणाली. मग तिने हातातल्या स्क्रीनवर त्या साठलेल्या वाऱ्यातले भोवरे पाहिले. "रोज दुपारी मधे काहीतरी आडवं आलंय. पुसून टाकू? मग झोत सरळ अंगावर येईल."

"पुसू नको!" गुलाबराव घाईने म्हणाले. "ती आमची निर्मला. देवाघरी जाईपर्यंत रोज पोळ्या झाल्या की पंख्याकडे पाठ करून बसायची. मी ओरडायचो, अगं, सगळा वारा तूच खातेस!"

रेश्माने काहीही न पुसता पंखा लावला. गुलाबराव आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. दोन्ही खांद्यांवरून वारा गेला, छातीवर मात्र आला नाही.

"सरक की जरा," ते म्हणाले.