रविवारचा खोकला

सकाळचे साडेसात वाजले होते आणि आठच्या आत जोमारला तोंड उघडायचं होतं.

सांता क्लाराच्या मठापुढं रांग लागली होती, या संतिणीला अंडी वाहिली की नवस पावतो म्हणून. त्याच्या पुढं अंपारो, दोन्ही हातांवर अंड्यांचे दोन अर्धे रिकामे ट्रे घेऊन. एकात बारा अंडी तिच्या नावाची, दुसऱ्यात बारा त्याच्या. दोघंही दूरच्या इलोइलो शहरातल्या एकाच सरकारी दवाखान्यातले नर्स. अमेरिकेत काम करण्यासाठीची नर्सिंगची परीक्षा उद्या सकाळी आठला, इथंच मनिलात. तारीख पुढं ढकलायची तर चोवीस तास आधी ढकलावी लागते. म्हणजे आज आठपर्यंत.

"परीक्षेआधी अंडं खाल्लं तर शून्य मिळतं म्हणतात," पुढची एक मुलगी आईला विचारत होती, "मग सांता क्लाराला कसं चालतं?"

"तिचे पेपर कधीच संपले, बाई," अंपारो मध्येच म्हणाली.

रांग हसली. जोमारला हसू आलं नाही.

वॉर्डात अंपारोला सगळे मानांग म्हणायचे, मोठी बहीण; ती जोमारला तोतो म्हणायची, धाकट्या भावाला म्हणतात तसं. एकेचाळीस वर्षांची. कसलंही रडणारं पोर द्या, एका सुईत शीर सापडायची तिला. पण कॉम्प्युटरपुढं बसवलं की माउसचा बाण भलत्याच जागी जायचा. एजन्सीनं सांगून ठेवलं होतं, पहिल्या फटक्यात पास होतील तेच तिकडं जातील, नापासांचं नाव यादीतून कट. म्हणून अंपारोनं ठरवलं होतं की आधी सराव पेपर द्यायचा. पंचाहत्तर प्रश्न, शेवटी तयारी झाली की नाही याचा एका ओळीचा शेरा. शेरा चांगला आला तर जायचं, नाहीतर मार्चपर्यंत थांबायचं.

तो पेपर तिनं रविवारी जोमारच्या खोलीत दिला, त्याच्याच लॅपटॉपवर. तो शेजारी बसला होता. बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि तो बोललाच नाही. पोटॅशियमच्या प्रश्नाला तिचा बाण चुकीच्या उत्तरावर जाऊन थांबला आणि जोमारला खोकला आला. बाण सरकला. मग पुढं येतच राहिला खोकला. शेवटी पडद्यावर हिरवी ओळ आली, पास होण्याची शक्यता खूप जास्त. अंपारो त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिच्या आईनं गावाकडं मेजवानीसाठी डुक्कर सांगून ठेवलं.

तिची दया आली म्हणून केलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण जोमारला एकट्यानं मनिलाला यायची भीती वाटत होती. तेवढंच होतं ते.

"तोतो, हे धर जरा." अंपारोनं दोन्ही ट्रे त्याच्या हातात दिले आणि पिशवीतून थर्मास काढला. टोपणात काढा ओतला. आल्याचा वास आला. "घे. ट्रे दे इकडं."

"कशाला, मानांग?"

"कशाला काय? रविवारपासून घसा धरलाय तुझा. चारला उठून बहिणीच्या स्वयंपाकघरात उकळलंय, तिच्या शिव्या खाल्ल्यात त्याच्यासाठी. उद्या पेपरात खोकत बसलास तर शेजारचे उचलून बाहेर टाकतील."

त्यानं घोट घेतला. घसा पार पोटापर्यंत जळत गेला. समोरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते.

"मानांग, मला खोकला झाला नव्हता."

"मग काय झालं होतं?"

"तू चुकायला लागलीस की खोकायचो."

अंपारोनं त्याच्या हातातलं टोपण घेतलं, दोन्ही ट्रे परत त्याच्याकडं दिले, उरलेला काढा झाडाच्या बुंध्याशी ओतला, टोपण पुसलं, थर्मासला लावलं. रांग दोन पावलं सरकली. तीही सरकली.

"किती वेळा?"

"अं?"

"किती वेळा खोकलास, तोतो?"

"बारा." त्याला आठवावं लागलं नाही. पाच दिवस तो तेवढंच मोजत होता. "अजून वेळ आहे मानांग, फोन दे. तारीख बदलून देतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"तू आता मला काही करून देऊ नकोस."

तिनं त्याच्याकडून दोन्ही ट्रे घेऊन बाजूच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या ट्रेमधलं एक अंडं उचललं. जरा थांबली, ओठांतल्या ओठांत रविवारचा एक प्रश्न पुटपुटली आणि ते आपल्या ट्रेमध्ये ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येक अंडं हातात घेऊन थांबायची, कपाळाला आठ्या घालायची, मग ठेवायची. मागची बाई घाई करायला लागली. जोमारनं तिला पुढं जाऊ दिलं. आणखी दोघांना जाऊ दिलं.

आठवं अंडं तिच्या हातात होतं तेव्हा मठाची आठची घंटा वाजायला लागली. फोन पिशवीतच होता. जोमारनं पिशवीकडं बघितलं. अंपारोनं मान वर केली नाही. घंटा थांबली, तिनं नववं उचललं.

अकरा अंडी झाल्यावर तिनं आपला भरलेला ट्रे उचलला आणि खिडकीशी गेली. जाळीमागून ननचा हात आला, ट्रे आत गेला. मग तिनं त्याचा ट्रे त्याच्या हातात दिला. त्यात एक अंडं होतं.

"एक राहिलं, मानांग."

"ते तुझंच," अंपारो म्हणाली. "पोटॅशियमचा मला येत होता."