जोडीदारणीचं सोनं

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचा तो पहिलाच दसरा. पाटणच्या वरल्या डोंगरात देवीची पालखी थाटात निघणार म्हणून अंबूबाई एसटीनं आली खरी, पण जीव मिरजेच्या दवाखान्यात अडकला होता. तिथं तिची थोरली जाऊ, हौसाक्का, अंथरुणाला खिळली होती. "मला एकलीला टाकून जाऊ नगंस गं," ती म्हणाली होती. "न्हाई जात," म्हणत अंबूबाईनं हात सोडवून घेतला आणि थेट स्टँड गाठला.

पालखी शिवेवरून परतली. माणसं एकमेकांना सोनं देऊ लागली. एका म्हाताऱ्यानं अंबूबाईच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, मग आणखी थोडी ठेवली.

"ही तुमच्या जोडीदारणीला."

"मी एकलीच आलीया, मामा."

म्हातारा हसला, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेला हात जोडून पुढं गेला.

मग एक नवी सून आली. अंबूबाईच्या पाया पडली आणि जरा सरकून तिथंच पुन्हा वाकली.

अंबूबाई झटक्यात मागं सरली. गर्दीतून वाट काढत तिनं समोरचं अंगण गाठलं आणि बाजेच्या कडेला टेकली. बाजेवरची म्हातारी लगबगीनं उठली.

"आवं, त्यास्नीबी बसू द्या की. लय थकल्यात. उभं ऱ्हावंना त्यांच्यानं."

अंबूबाईनं मान वळवली नाही.

"आक्का, चुकलं माझं," ती पुटपुटली.

सुंभ करकरला. तिच्या शेजारी बाज हळूहळू खाली दबत गेली.