गोडसर वास

“झाकण उघडलंस की तोंड फिरव गं,” ताई शिकवायची. सर्किटं धुवायच्या द्रावणाचा गोडसर वास तिच्या केसांतून कधी गेलाच नाही. लिव्हर गेलं, मग तीही गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, “माझ्या पोरीला त्या वासात उभी करू नकोस.” पुढे द्रावणावर बंदी आली, तेव्हाच मी पोरीला कारखान्यात आणलं. द्रावणाऐवजी कारखान्यानं साबणपाण्यापासून सगळे उपाय करून पाहिले, सर्किटांवर पांढरे डाग राहायचेच. आज मात्र सर्किटं लख्ख निघाली. “नवं औषध लागू पडलं!” सुपरवायझर म्हणाला. मी धुण्याच्या टाकीवर वाकले, तर ताईच्या केसांचा वास आला. “साहेब, हे जुनंच आहे.” “बाई, एकादशीच्या उपासानं भास होतात तुम्हाला!” सगळे हसले. टाकीवर वाकलेली पोर कुजबुजली, “मावशी, गप्प बस, नोकरी जाईल.” मी तिला बाहेर उन्हात बसवलं आणि मोठ्या साहेबांच्या खोलीकडे निघाले.