ओझेलिया मावशींची एकच कोंबडी

घोड्यांच्या टापा ऐकताच ओझेलिया मावशी चुलीवरची कॉफी तशीच सोडून अंगणात धावल्या. लुइझियानातल्या त्या नदीकाठच्या गावात मार्दी ग्राच्या सणाला मुखवटे घातलेली मंडळी घरोघर नाचत-गात फिरत आणि गावजेवणाच्या गंबोसाठी, म्हणजे दाट रश्शासाठी, कोंबडी मागत. पण पुरात मावशींचं घर वाहून गेलं, त्या गावाबाहेर पत्र्याच्या खोलीत राहायला आल्या, तेव्हापासून दोन वर्षं त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

यंदाही घोडे पुढे निघाले, मागोमाग वाजंत्र्यांची गाडी. मावशी कोंबडी काखोटीला मारून थेट रस्त्यात उभ्या राहिल्या.

"मावशी, तुमच्याकडे एकच कोंबडी," म्होरक्या क्लोविस ओशाळून म्हणाला. "ती कशी मागायची?"

"एकच असेना! माझं घर काय गावातलं नाही?"

क्लोविस घोड्यावरून उतरला. टोपी काढून त्याने रीतसर विचारलं, "मावशी, अंगणात येऊ का?"

"या की!" म्हणत मावशींनी कोंबडी सोडली. मग काय विचारता! पंधरा गडी चिखलात आपटले, एकाचा मुखवटा कुंपणाला अडकला, पण कोंबडी कुणाला सापडेना. हसून हसून मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. अखेर त्यांनीच तिला अलगद पकडून क्लोविसच्या हाती दिलं.

"संध्याकाळी जेवायला याल ना?"

"संध्याकाळी कशाला? वाजंत्र्यांच्या गाडीत जागा करा!"

पुढच्या घरासमोर कोंबडी मागताना सगळ्यांत मोठा आवाज मावशींचाच होता.