दुसरा गट

नातीची परीक्षा जवळ आली, तसा आजोबांनी तिला घरातल्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडलेला डबा, म्हणजे नेटवर्कचा स्विच, दाखवला. “डबा एकच, पण आत दोन गट करता येतात. त्याला म्हणतात व्ही-लॅन. एका गटाला दुसऱ्यातलं काही दिसत नाही. इंटरनेट आणि या डब्याची सेटिंग पहिल्या गटात. तुझा कॉम्प्युटर आजपासून दुसऱ्यात.”

“आणि माझा गेम?”

“सवय होते गं. दोन दिवसांनी काही वाटत नाही.”

आजोबांनी आपल्या कॉम्प्युटरवर सेटिंग उघडून ऐटीत बटण दाबलं आणि तिथेच इंटरनेटवर चालू असलेली मॅच थांबली. बोलण्याच्या भरात त्यांनी नातीच्या वायरऐवजी स्वतःच्याच वायरचा नंबर दुसऱ्या गटात टाकला होता.

“मग बदला ना परत!”

“मला आता सेटिंगच दिसत नाही. तुझ्या कॉम्प्युटरवरून करावं लागेल. ऊठ बघू.”

नात खुर्चीत आणखीच रेलली. “सवय होते, आजोबा.”