नुसता हात

मावशीने गोव्याहून मनालीसाठी चार तारांचं छोटं युकुलेले आणलं होतं. इंदिरानगरच्या क्लासमध्ये शिकवलेलं 'खाली, खाली, वर, वर, खाली, वर' काही केल्या तिच्या हातात बसेना. दुपारी आई झोपलेली, म्हणून ती तारांना न शिवता नुसता हात फिरवत सराव करत होती.

बाबा दारातून कौतुकाने बघत होते. "आज जमलं गं तुला! किती गोड वाजतंय."

मनालीचा हात थांबला. बाबा वळल्यावर तिने त्यांना मागून हाक मारली, मग जोरात मारली. आई दचकून उठली. बाबा पाठमोरे बूट घालत राहिले.

मनाली धावत जाऊन दार अडवून उभी राहिली.


बाबा रेल्वे फाटकावर ड्युटीला निघाले होते, आणि गाडी येतेय हे तिथे फोनच्या घंटीवरूनच कळायचं.